हाक आणि नोंद : शब्दशुचितेविषयी काही विचार

१

मराठवाड्यातील मराठी विभागांच्या अभ्याससहलींत वेरूळ आणि अजिंठा ही दोन स्थळे जवळजवळ ठरलेली असतात. अशाच एका सहलीत पहिला दिवस वेरूळला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फर्दापूरच्या फाट्यावर लेण्यांकडे जाणाऱ्या एस.टी.ची वाट पाहत थांबलो होतो. मराठवाड्यातील स्थलनामांवर लघुप्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याने तेथे चहा पिता पिता एक प्रश्न विचारला. वेरूळच्या पाचव्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्याला जुन्या ग्रंथांत ‘महारवाडा’ असे नाव दिलेले आढळते. विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे नाव प्रबंधात लिहायचे की गाळायचे?” त्याच्या एका सहाध्यायिनीचे म्हणणे असे की, ते लिहिणे म्हणजे तोच अपमान नव्याने करणे होय. दुसऱ्या एकाचे म्हणणे असे की, अभ्यासकाने असल्या नाजूकपणाला थारा देऊ नये. जे होते ते लिहावे आणि मोकळे व्हावे. तेवढ्यात बस आली आणि प्रश्न तसाच राहिला. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर आहे.

प्रश्न वरवर एका शब्दापुरता दिसतो. तथापि पदव्युत्तर वर्गात शिकविणाऱ्या प्रत्येकाला तो वेगवेगळ्या रूपांत भेटत असतो. जुन्या गद्यातील जातिवाचक उल्लेख वर्गात मोठ्याने वाचावेत काय? महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशातील एखाद्या जातीची वा धर्माची निंदा करणाऱ्या म्हणी विद्यार्थ्यांना संकलनासाठी द्याव्यात काय? ‘दलित’ म्हणावे की ‘बौद्ध’ म्हणावे? एका बाजूला दुखावले जाण्याची खरी शक्यता असते, तर दुसऱ्या बाजूला इतिहास पुसला जाण्याची तितकीच खरी भीती असते. या दोहोंमध्ये निवड करण्याची वेळ आली की आपण बहुधा सोयीचा मार्ग पत्करतो. कधी शब्द गाळून मोकळे होतो, तर कधी बेफिकिरीने वापरून मोकळे होतो. दोन्ही वेळा विचार मात्र टळतो.

२

इंग्रजीत ज्याला ‘पोलिटिकल करेक्टनेस’ म्हणतात त्या संकल्पनेचा उल्लेख आपल्याकडे बहुधा उपहासाने होतो. अमेरिकेतील डाव्या गटांत हा शब्दप्रयोग आरंभी स्वतःच्याच कर्मठपणाची थट्टा करण्यासाठी वापरला जाई. १९९० च्या सुमारास तेथील विद्यापीठांतील अभ्यासक्रमांवरून वाद पेटले, तेव्हा विरोधकांनी तो उचलला आणि वंश, लिंग, धर्म यांविषयी सावध भाषा वापरण्याच्या आग्रहाला नावे ठेवण्यासाठी त्याचा उपयोग केला. आपल्याकडे तो आला तो याच उपहासाच्या अर्थाने. त्यामुळे शब्दांविषयीची सावधगिरी हे परदेशी विद्यापीठांतून आलेले खूळ आहे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ झाला.

हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. कोणी कोणाला काय म्हणावे हा वाद महाराष्ट्राने अमेरिकेच्या कितीतरी आधी आणि कितीतरी अधिक गांभीर्याने केलेला आहे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात स्थानिक मंडळांविषयीच्या दुरुस्ती विधेयकात ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचा प्रस्ताव आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद यांनी त्याला विरोध केला. विरोध मानला गेला नाही, तेव्हा त्यांनी सभात्याग केला. हा प्रसंग नीट लक्षात घेण्याजोगा आहे. ‘हरिजन’ हा शब्द शिवी नव्हता. तो योजणाऱ्यांच्या मनात आदरच होता. तो ‘अस्पृश्य’ या शब्दाहून सौम्य आणि कानाला गोड होता. म्हणजेच रूढ अर्थाने तो अधिक ‘शिष्ट’ होता. तरीही ज्यांच्यासाठी तो योजला होता त्यांच्या प्रतिनिधींनी तो नाकारला, कारण तो त्यांनी निवडलेला नव्हता. त्यांची मागणी गोड शब्दाची नव्हती. स्वतःला काय म्हणावे हे ठरविण्याच्या अधिकाराची होती.

यातून शब्दशुचितेच्या दोन जाती वेगळ्या करता येतात. एक वरून येते. समाजाचा प्रबळ भाग दुर्बळ भागासाठी सौम्य शब्द योजतो आणि त्या सौम्यतेबद्दल कृतज्ञतेची अपेक्षा धरतो. दुसरी खालून येते. ज्याच्यावर नाव लादले गेले तो ते झुगारून देतो आणि स्वतःचे नाव स्वतः उच्चारतो. पहिलीत सोय असते, दुसरीत संघर्ष असतो. दोहोंना एकाच नावाने ओळखून दोहोंची एकदम थट्टा करणे हा वैचारिक आळस होय.

३

‘दलित’ या शब्दाचा प्रवास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षीच्या जाहीरनाम्यात या शब्दाची व्याप्ती एका जातीपलीकडे नेण्यात आली. त्याआधीच औरंगाबादेत डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने या साहित्याला व्यासपीठ मिळवून दिले होते. एका शब्दाने एक वाङ्मयप्रवाह उभा राहिला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. परंतु त्याच प्रवाहातून या शब्दाला हरकतही घेतली गेली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जो बौद्ध झाला तो दलित कसा, असा प्रश्न राजा ढाले यांच्यासारख्यांनी उपस्थित केला. यशवंत मनोहर यांनी ‘आंबेडकरी साहित्य’ या संज्ञेचा आग्रह धरला. हा वाद अद्याप संपलेला नाही आणि तो संपण्याची घाई करण्याचे कारणही नाही. कारण ज्यांचे नाव त्यांनीच तो चालविलेला आहे. शिक्षकाने येथे निवाडा देऊ नये, वाद शिकवावा.

याउलट शासनाचा हस्तक्षेप पाहावा. २०१८ साली न्यायालयीन निर्देशानंतर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रसारमाध्यमांना ‘दलित’ हा शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ असे म्हणण्याचे सुचविले. प्रशासकीय कागदपत्रांसाठी घटनेतील संज्ञा वापरणे योग्यच आहे. पण या दोन संज्ञा समानार्थी नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती वा मुसलमान झालेला पूर्वास्पृश्य त्या यादीबाहेर आहे. तो ‘दलित’ या शब्दात सामावतो, ‘अनुसूचित जाती’त सामावत नाही. म्हणजे एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवताच काही माणसे भाषेतून नाहीशी होतात. शिष्टसंमत शब्द हा नेहमीच निरुपद्रवी असतो, असे मानण्याचे कारण नाही.

आणखी एक उदाहरण फर्दापूरच्या फाट्यावरच सापडते. जपान, श्रीलंका, थायलंड येथून येणाऱ्या यात्रेकरूंची तेथे ये-जा असते. अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासाचा मोठा प्रकल्पही जपानच्या अर्थसाह्याने झाला. या पाहुण्यांच्या संदर्भात ‘बुद्धिस्ट’ हा शब्द उच्चारताना महाराष्ट्रात कोणाचाही स्वर बदलत नाही. परंतु त्याच शब्दाचे मराठी रूप गावकुसालगतच्या बौद्धवाड्याविषयी वापरताना अनेकांचा स्वर बदलतो, आणि सरकारदप्तरात तर दीर्घकाळ ‘नवबौद्ध’ म्हणून त्याला ‘नव’ हे शेपूट लावले गेले. शब्द तोच, धर्मही तोच. फरक आहे तो बोलणाऱ्याच्या मनातील जातीचा. नुसता शब्द बदलून हा फरक मिटत नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल.

४

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वेरूळचे पाचवे लेणे हा एक विस्तीर्ण विहार आहे. त्याच्या मध्यभागी दगडात कोरलेल्या दोन लांबच लांब बैठ्या ओळी आहेत. भिक्षूंच्या अध्ययनासाठी किंवा सहभोजनासाठी त्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. म्हणजे जेथे जन्माचा विचार न करता माणसे एका ओळीत बसत त्या जागेला उत्तरकाळाने नाव दिले ते ज्यांना कोणाच्याही ओळीत बसू दिले जात नव्हते त्यांच्या वस्तीचे. वेरूळच्या डोंगरात बौद्ध लेणी दक्षिण टोकाला आहेत. गावाच्या रचनेचा जो नकाशा लोकांच्या मनात पक्का होता तोच त्यांनी या डोंगरावर आरोपित केला असावा, असे अनुमान करता येते. बौद्ध धर्माचे विस्मरण, जातिव्यवस्थेची पकड आणि स्थलनामांची निर्मिती यांचा संबंध दाखविणारा एवढा बोलका पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. तो गाळला तर काय उरते? सरकारी फलकावरचा एक क्रमांक.

अजिंठ्याच्या परिसरातही असेच घडलेले आहे. जंजाळा गावाजवळच्या बौद्ध लेण्यांना लोक ‘घटोत्कच लेणी’ म्हणतात. तेथील शिलालेख वाकाटक नृपती हरिषेण याचा अमात्य वराहदेव याच्या घराण्याचा आहे, आणि अजिंठ्याचे सोळावे लेणेही त्याच वराहदेवाने दान दिलेले आहे. घराणे ब्राह्मण कुळीचे आणि दान बौद्ध संघाला, ही पाचव्या शतकातील वस्तुस्थिती. कालांतराने दाता विसरला गेला, संघ विसरला गेला आणि महाभारतातील एक नाव त्या जागेला चिकटले. नाशिकच्या पांडवलेण्यांचीही कथा निराळी नाही. येथे अपमान नाही. पण विस्मरण आहे, आणि तेही नावातच नोंदले गेले आहे.

म्हणून मला असे वाटते की, शब्दाच्या दोन भूमिका आपण स्पष्टपणे वेगळ्या केल्या पाहिजेत. एक भूमिका हाकेची, दुसरी नोंदीची. जिवंत माणसाला, त्याच्या वस्तीला, त्याच्या धर्माला आपण ज्या शब्दाने संबोधतो ती हाक होय. हाकेवर पहिला अधिकार ज्याला हाक मारली जाते त्याचा असतो. त्याने एखादे नाव नाकारले तर त्या नावाची व्युत्पत्ती कितीही निर्मळ असो, कोशातील अर्थ कितीही सोज्ज्वळ असो, ते टाकलेच पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो या न्यायाने योग्यच होता. ‘महारवाडा’, ‘मांगवाडा’ हे शब्द कोणाच्याही घराचा पत्ता असता कामा नयेत.

परंतु भूतकाळात कोणी कोणाला काय म्हटले ही नोंद होय. नोंदीवर कोणाचाच अधिकार चालत नाही. ना दुखावलेल्याचा, ना दुखावणाऱ्याचा. किंबहुना नोंद पुसली जाण्याने अंतिम लाभ होतो तो दुखावणाऱ्याच्या वारसांचाच. पत्ता बदलला की अन्याय संपला असे मानणाऱ्यांना, पत्ता कधी तसा होता हेच उद्या नाकारता येईल. जुने कोश, म्हणींचे संग्रह, गावगाड्याची वर्णने, गॅझेटिअर ही या अर्थाने साक्षीदारांची जबानी आहे. साक्षीदाराचे तोंड आपण धुऊन काढू लागलो तर खटला कशाच्या बळावर चालवायचा?

५

हाक आणि नोंद यांतील भेद वर्णाच्या, म्हणजे वंशाच्या आणि कातडीच्या रंगाच्या, प्रश्नालाही लावून पाहता येतो. वंशभेद हा पाश्चात्त्यांचा आजार, आपला आजार जातीचा, अशी वाटणी आपण करून टाकलेली आहे. ती फसवी आहे. मराठीत ‘हबशी’ या शब्दाचा जो उपयोग होतो तो सर्वांना ठाऊक आहे. वधुवरसूचक जाहिरातींतील ‘गोरी’ आणि ‘गहूवर्णी’ ही विशेषणेही ठाऊक आहेत. परंतु आपल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण ज्याने वसविले तो मलिक अंबर हबशी होता, हे किती पदवीधरांना ठाऊक असते? आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ता मुत्सद्दी झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी येथे राजधानी वसविली, तिला नहरींनी पाणी दिले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो मृत्यू पावला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. मराठी सत्तेच्या उदयाची पार्श्वभूमी एका कृष्णवर्णी परदेशी माणसाला वगळून लिहिता येत नाही. तरीही त्याच्या वंशाचे नाव आपण टिंगलीसाठी वापरतो. येथे हाक बदलणे आवश्यक आहे, आणि नोंद वाढविणेही तितकेच आवश्यक आहे.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील भित्तिचित्रांत सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या आकृती गौरवर्णी आकृतींइतक्याच प्रेमाने रंगविलेल्या आहेत. त्यांतील एका सुंदर स्त्रीप्रतिमेला आधुनिक काळातील वर्णनकारांनी ‘काळी राजकन्या’ असे नाव दिले. चित्रकाराला तिचा रंग वेगळा सांगण्याची गरज भासली नव्हती. गरज भासली ती पाहणाऱ्याला. नाव हे पुष्कळदा वस्तूपेक्षा नाव देणाऱ्याविषयी अधिक सांगते, ते असे.

याच परिसरातील रॉबर्ट गिल आणि पारो यांची कथा मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील हा अधिकारी १८४४ पासून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी येथे राहिला. त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पारो १८५६ साली वारली. तिचे थडगे अजिंठा गावी आहे. सोयगाव तालुक्यातीलच पळसखेड्याच्या ना. धों. महानोर यांनी या कथेवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले आणि २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्यावर चित्रपट केला. गिलविषयी कागदपत्रे आहेत, पत्रे आहेत, त्याने काढलेली छायाचित्रे आहेत. पारोविषयी एक दगड आणि लोकांच्या तोंडची गोष्ट आहे. राज्यकर्ता गोरा आणि प्रजेतील स्त्री काळी, हे अंतर नोंदींच्या या विषमतेत जसे दिसते तसे कोणत्याही प्रेमकथेत दिसत नाही. ही कथा वर्गात शिकविताना तिच्यातील प्रेम नाकारण्याचे कारण नाही. पण सत्तेचे अंतर झाकण्याचेही कारण नाही. शब्दशुचितेच्या भरात ते अंतर झाकले तर ती शुचिता सत्यावर पांघरूण घालणारी ठरेल.

६

सर्वांत अवघड परीक्षा धर्माची आहे. दलितांच्या बाबतीत आपण जो न्याय मान्य करतो तोच मुसलमान शेजाऱ्याच्या बाबतीत मान्य करतो काय, हा प्रश्न मराठवाड्यात टाळता येणार नाही. आपल्या बोलण्यात ‘निजामी’ हे विशेषण जुलूम, अनागोंदी आणि मागासलेपण यांच्यासाठी रूढ आहे. ‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक असा असला तरी १९४८ पूर्वीच्या अत्याचारांनी त्याला जो अर्थ दिला तो खराच आहे. तो अर्थ कोणी पुसू नये. कासीम रझवीच्या संघटनेने केलेल्या अत्याचारांची नोंद हा हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे. परंतु आज, त्या घटनांनंतर कित्येक वर्षांनी जन्मलेल्या मुसलमान तरुणाला भांडणात ‘रझाकार’ म्हणून हिणविले जाते तेव्हा ती नोंद राहत नाही, ती हाक होते. आणि ती त्याने कधीही स्वीकारलेली नाही.

नोंदीची दुसरी बाजूही पूर्ण असली पाहिजे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. त्यांची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली नेमलेल्या समितीचा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. एका बाजूच्या वेदनेला साहित्यात, स्मारकांत, पाठ्यपुस्तकांत स्थान मिळाले, दुसऱ्या बाजूच्या वेदनेला ते मिळाले नाही. बहुसांस्कृतिक समाजाचे ऐक्य अशा अर्ध्या स्मृतीवर टिकत नाही.

अजिंठा याही बाबतीत काही सांगतो. आपण आज जी भित्तिचित्रे पाहतो ती टिकून राहण्यात निजामाच्या राज्यातील पुरातत्त्व खात्याचा मोठा वाटा आहे. १९१४ पासून जवळजवळ तीन दशके या खात्याची धुरा गुलाम याझदानी यांनी वाहिली. १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रांचे संरक्षण करण्यात आले. १९३० पासून पुढे याझदानी यांचा ‘अजंठा’ हा चार भागांतील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुसलमान राज्यकर्ता, मुसलमान संशोधक आणि बौद्ध चित्रे असा हा संबंध. यावरून निजामाची राजवट न्यायी होती असे सिद्ध होत नाही, तसे सिद्ध करण्याचा माझा हेतूही नाही. एखाद्या राजवटीचे नाव केवळ शिवी म्हणून वापरले की तिच्यातील याझदानी आपल्याला दिसेनासे होतात, एवढेच सांगायचे आहे.

७

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, दुखावले जाण्याला एवढे महत्त्व दिले तर टीकाच अशक्य होईल. हा आक्षेप गंभीर आहे. हमीद दलवाई यांनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले तेव्हा त्यांच्या समाजातील अनेक जण दुखावले; म्हणून दलवाई चुकले असे कोणताही विवेकी वाचक म्हणणार नाही. डॉ. आंबेडकरांनी सांगितलेला १९३४ चा दौलताबादचा प्रसंगही येथे आठवावा. वेरूळच्या वाटेवर किल्ल्याजवळच्या हौदावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हातपाय धुतले, तेव्हा पाणी बाटविले म्हणून त्यांना शिवीगाळ करणारे लोक मुसलमान होते. अस्पृश्यता ज्याच्या धर्मात नाही त्यानेही ती पाळली, हे बाबासाहेबांनी स्पष्टपणे लिहून ठेवले. अल्पसंख्याकांविषयी सौजन्य बाळगायचे म्हणून हा प्रसंग गाळायचा काय? मुळीच नाही. माणसाला त्याने नाकारलेल्या नावाने न बोलाविणे आणि त्याच्या विचारांची वा आचारांची चिकित्सा न करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली सभ्यता आहे. दुसरी उपेक्षा आहे. कारण ज्याच्याशी वाद घालायचा नाही त्याला आपण बरोबरीचा मानलेलेच नसते.

दुसरा आक्षेप असा की, नावात काय आहे. शब्द बदलल्याने पोट भरत नाही. हा आक्षेप मराठवाड्यात तरी कोणी घेऊ नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर खेडोपाडी दलितांची घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार होईपर्यंत साडेपंधरा वर्षे गेली. नावात काहीच नसते तर ते नाकारण्यासाठी कोणी घरे जाळली नसती. ‘नामांतर’ न म्हणता ‘नामविस्तार’ म्हणावे लागले यातही त्या संघर्षाची आणि तडजोडीची नोंद आहे. आजच्या विद्यार्थ्याला हे दोन शब्द समानार्थी वाटतात, ही शिक्षकांची उणीव होय.

८

या विवेचनातून वर्गासाठी आणि प्रबंधलेखनासाठी काही व्यावहारिक सूत्रे निघतात. जुन्या संहितेतील अपमानकारक शब्द अवतरणात जसाच्या तसा ठेवावा. अभ्यासकाच्या स्वतःच्या वाक्यात तो येऊ नये. तो का आला, कोणी कोणाला उद्देशून वापरला, याची टीप द्यावी. वर्गात असा उतारा मोठ्याने वाचण्यापूर्वी त्याची पूर्वकल्पना द्यावी, आणि वाचनाचे काम ज्याच्यावर त्या शब्दाचा घाव पडतो त्याच विद्यार्थ्यावर कधीही टाकू नये. म्हणींच्या संकलनात निंदाव्यंजक म्हणी गाळू नयेत. मात्र त्या ‘लोकांचे शहाणपण’ या मथळ्याखाली छापू नयेत. समाजाच्या स्वतःच्या लेखकांनी चालविलेले संज्ञांचे वाद अभ्यासक्रमात यावेत. दलित साहित्याबरोबर मुस्लिम मराठी साहित्याचाही समावेश असावा. त्याचे पहिले संमेलन १९९० साली सोलापुरात भरले, तरीही आपल्या प्रश्नपत्रिकांत ते अद्याप ‘टीप लिहा’ या सदराबाहेर फारसे येत नाही.

स्थलनामांबाबतही हेच सूत्र लावावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मान्यतेनंतर औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचेही झाले. आजच्या ठिकाणाचा उल्लेख आजच्या नावाने करावा. परंतु डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले ते औरंगाबादेत. त्या काळातील पत्रे, संमेलने, नियतकालिके यांच्या नोंदीत मागाहूनचे नाव घुसविणे हा कालविपर्यास होय. त्याच न्यायाने औरंगाबादच्याही आधीचे खडकी आणि फतेहनगर विसरता येत नाही. त्या महाविद्यालयाला पुढे लाभलेले ‘मिलिंद’ हे नावही बौद्ध धर्माची चिकित्सा करून तो जाणून घेणाऱ्या एका ग्रीक राजाचे आहे, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते?

फर्दापूर हे मोगलकालीन सराईचे गाव आहे. सराईत उतरणाऱ्याला आपले नाव सांगावे लागे, आणि सराईच्या वहीत आलेल्या-गेलेल्यांची नोंद राही. वाटसरूला त्याने सांगितलेल्या नावाने बोलावणे ही रीत, आणि वहीतील पान न फाडणे हीही रीतच. त्या विद्यार्थ्याला मी आता असे सांगेन की, ‘महारवाडा’ हे नाव प्रबंधात अवश्य लिही. अवतरणचिन्हांत लिही, कोणत्या ग्रंथात ते आढळले ते लिही. त्या लेण्यात भिक्षू एका ओळीत बसत असत, हे त्याच परिच्छेदात लिही. आणि ज्या वस्तीवरून ते नाव आले त्या वस्तीतील माणसे आज स्वतःला काय म्हणवितात, हे त्यांना विचारून मगच पुढचे वाक्य लिही.